उत्तरेची खिडकी

मार्रेट बॉयसनने खुर्ची आधी भिंतीकडे सरकवली, दाराकडे पाठ येणार नाही याची खात्री करून घेतली आणि मगच ती बसली. ओला कोटसुद्धा तिने काढला नाही.

"दार लावलंय ना?"

"लावलंय," वीबके थोमझन म्हणाली. "शिवाय दाराशी डेटलेफ बसलाय. त्याला ओलांडून आत येणं म्हणजे म्हैस ओलांडण्यासारखं आहे."

"रेडा म्हण निदान," डेटलेफ कुरकुरला.

हुसुम गावात मासळीच्या दुकानावर वीबकेची ती एका खोलीची कचेरी होती. विमा कंपनीसाठी जळलेल्या गोठ्यांची राख उपसण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. राखेशी बोलणाऱ्या बाईला माणसांशी बोलणं अवघड जात नाही, म्हणून तिने खासगी तपासाची कामं सुरू केली. डेटलेफ तिचा मोठा दीर. जन्मभर फेरीबोटीच्या इंजिनाशेजारी राहिल्यामुळे त्याला कमी ऐकू येई आणि गोष्टी जरा उशिरा कळत. भाऊ गेल्यावर भावजयीची गाडी चालवण्याचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. ती त्याला घालूनपाडून बोले, आणि तो नसला की तिला काही सुचत नसे.

खिडकीबाहेर नोव्हेंबरचं धुकं इतकं दाट होतं की समोरचं बंदर पुसल्यासारखं दिसत होतं.

मार्रेटने पिशवीतून एक मोठा फोटो काढला आणि टेबलावर उलटा ठेवला. "तुम्हीच बघा. मला आता बघवत नाही."

वीबकेने तो उलटला. एक ओसाड मोठी खोली. भिंतींचा रंग सोलून निघालेला, कोपऱ्यात लहान मुलांच्या लोखंडी खाटा एकावर एक रचलेल्या. समोर काच नसलेली मोठी खिडकी. आणि खिडकीबाहेर एक माणूस. त्याच्या अंगातून पलीकडचं धुकं आरपार दिसत होतं. खांद्यांवर डोकं नव्हतं.

डेटलेफ मागून वाकून बघत होता. तो चटकन सरळ झाला.

"ही तिसऱ्या मजल्यावरची खिडकी आहे," मार्रेट म्हणाली. "तिला सज्जा नाही, काही नाही. तो हवेत उभा आहे."

मग तिने सगळं सांगितलं. ओल्डेन्सील गावाबाहेर समुद्रकाठी मुलांचं जुनं आरोग्यधाम आहे. कित्येक वर्षं बंद. तिचा धाकटा भाऊ बाने तिथे फोटो काढायला जायचा. मागच्या महिन्यात तो तिथेच तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून खाली पडून गेला. खालचं दार त्यानेच आतून अडसर घालून लावलं होतं. म्हणजे आत दुसरं कुणी नव्हतं. कठडा कुजला होता. पोलिसांनी अपघात लिहिला आणि कॅमेरा तिच्या हातात दिला.

"त्याचे शेवटचे तीन फोटो जोडायचे राहिले होते," ती म्हणाली. "त्यानेच मला शिकवलं होतं. म्हटलं, आपण जोडू, चौकटीत लावू. जोडले, आणि हा उभा राहिला."

"कसले तीन?" डेटलेफने विचारलं.

वीबके म्हणाली, "अंधाऱ्या खोलीतून उजेडाच्या खिडकीचा फोटो काढून बघ. खोली नीट आली तर खिडकी पांढरीफटक होते, आणि खिडकी नीट आली तर खोली काळी. म्हणून हे लोक कॅमेरा न हलवता पाठोपाठ तीन फोटो घेतात. एक मधला, एक काळा, एक पांढरा. मग संगणकावर तिन्ही एकत्र करतात. एचडीआर म्हणतात त्याला. मूळचे तीन कुठे आहेत, मार्रेट?"

मार्रेट वाकली. बूट काढला, मोजा काढला आणि तळपायाला चिकटलेलं कॅमेऱ्याचं छोटं कार्ड तिने टेबलावर ठेवलं.

संगणकावर तिन्ही फोटो उघडले. डेटलेफ म्हणाला, "दुसरा बिघडलाय. नुसता काळा."

"बिघडलेला नाही. पोलिसांनाही तसंच वाटलं असणार." वीबकेने काळा फोटो मोठा केला. खोली काळीठिक्कर होती, पण खिडकीच्या चौकोनात बाहेरचं स्वच्छ आलं होतं. तिथे एक माणूस होता. पिवळा रेनकोट, डोक्यावर टोपडं ओढलेलं, टोपड्याला पांढरे पट्टे. मागे उजेड असल्यामुळे चेहरा काळा. या माणसाला डोकं होतं.

"आधीच्या फोटोत नाही आणि नंतरच्या फोटोत खिडकीच पांढरी होऊन गेलीय," वीबके म्हणाली. "तिघांपैकी एकातच सापडलेली वस्तू जोडल्यावर अर्धवट उरते. टोपड्याचे पट्टे धुक्यात मिसळले, म्हणून डोकं गेलं. फोटोवाले यालाच भूत म्हणतात. त्यांचा रोजचा शब्द आहे. तुझा हा माणूस जिवंत आहे, मार्रेट."

तिला वाटलं होतं, हे ऐकून पोरीला धीर येईल. मार्रेटचा चेहरा मात्र आणखी उतरला.

"भूत असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "भुताला दाराची मूठ खाली करावी लागत नाही."

"कुठल्या दाराची?"

"काल दुपारी मी स्वयंपाकघरात होते. मागच्या दाराची मूठ हळूहळू खाली गेली. दाराला कडी होती. मग ती तितकीच हळू वर आली. बाहेर धुकं. मी हाकसुद्धा मारली नाही. टेबलाखाली बसून राहिले, अंधार पडेपर्यंत."

वीबकेने पेन्सिल खाली ठेवली. "या भुताबद्दल तू कुणाला सांगितलंस?"

"तीन दिवसांपूर्वी, उशिराच झालेल्या अंत्यविधीनंतर कॉफीला सगळे घरी आले होते. फोटो क्लबातले तिघं माझ्या शेजारी बसले होते. मी म्हटलं, बानेच्या शेवटच्या फोटोत भूत आलंय. एवढंच. पुढे रडू फुटलं."

"कुठला फोटो, कुठली खोली, काही बोललीस?"

"नाही. तो तिथे इतक्या खोल्यांचे फोटो काढायचा. शेवटचा कुठला ते कार्ड बघितल्याशिवाय कुणाला कळणार!"

"बाकी पाहुण्यांना वाटलं असेल, दुःखाने पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. त्या तिघांना मात्र अर्थ बरोबर कळला. फोटोत भूत म्हणजे फोटोच्या वेळी तिथे कुणीतरी हललं." वीबकेने फोटो पुन्हा जवळ ओढला. "याच खिडकीचे दुसऱ्या दिवसांचे फोटो आहेत?"

"भरपूर. महिनाभर तो सारखा त्याच खिडकीसमोर जात होता. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. मी थट्टा करायचे, खिडकीच्या प्रेमात पडलास का म्हणून. हसायचा नाही."

"त्यातला एक तीन फोटोंचा संच मला छापून हवा. आणि दुसऱ्या दोन खोल्यांचे. तू आज घरी जायचं नाहीस. खाली मासळीवालीकडे राहा. तिच्याकडे सुरी आहे आणि ती चालवायची तिला हौस आहे."

आरोग्यधामाचं दार एनो पेटर्सनने उघडलं. एनो तिथला राखणदार आणि त्या तिघांपैकी एक. चार महिन्यांपूर्वी क्लबात भरती झालेला, त्यामुळे सगळ्यांच्या पिशव्या उचलणारा.

"वर तुम्हीच जा," तो सिगारेट पेटवत म्हणाला. "मी गेल्या महिन्यापासून वर जात नाही. खोटं कशाला बोला."

"त्या दिवशी तुम्ही इथेच होता?"

"चावी मागायला आलो होतो. बाने संध्याकाळपर्यंत परत करायचा, पण मला घरी जायचं होतं. दार बडवलं, हाका मारल्या. उत्तर नाही. मागच्या तळघराच्या झडपेतून आत शिरलो. तर..." त्याने जिन्याच्या पायथ्याकडे हनुवटीने दाखवलं आणि मान फिरवली. "झडप बाहेरून माझ्याच कुलुपाची, बाई. तिथून दुसरं कुणी जाऊ शकत नाही."

"क्लबातले बाकीचे वर येतात?"

"छे! वरच्या मजल्याची फरशी कुजलीय, मी कुणाला सोडत नाही. बाने हट्टी होता म्हणून. आणि क्लबातले हाइनसन मास्तर पूर्वी एकदा येऊन गेले, मी लागायच्या आधी."

तिसऱ्या मजल्यावर ओल इतकी होती की श्वास घेताना छातीत गार लागे. खाली कुठेतरी पाणी ठिबकत होतं. पायाखालची फळी करकरली की डेटलेफ थांबे. खाटांच्या ढिगाऱ्यात एका मुलाचा रंग उडालेला बूट पडला होता. डेटलेफने तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

खिडकीचा दगडी उंबरठा हिरव्या शेवाळाने भरला होता, बोट टेकलं तर पाणी निघत होतं. मधोमध मात्र ते खरवडलं गेलं होतं.

"कुठली दिशा ही?" वीबकेने विचारलं.

"उत्तर. एकदम सरळ उत्तर," डेटलेफ म्हणाला. या बाबतीत तो कधीच चुकत नसे. "बारा महिने इथे ऊन यायचं नाही. म्हणून तर हे शेवाळ."

वीबके बाहेर वाकली. उंबरठ्याच्या खाली, आतून दिसणार नाही अशी लोखंडी जाळीची फळी भिंतीला बसवलेली होती. आग लागली तर बाहेर पडण्यासाठी केलेला जुना लोखंडी जिना तिथून खाली जात होता. पोरंटोरं चढू नयेत म्हणून त्याचा खालचा भाग कापून टाकला होता. पण उरलेला जिना धोबीघराच्या छपरापर्यंत पोचत होता, आणि छपरावर चढायला धडधाकट माणसाला कष्ट नव्हते. पायऱ्यांवरचा गंज जागोजागी घासला गेला होता.

"हे आपलं हवेत उभं राहणं," ती म्हणाली. "आतला अडसर तसाच राहिला आणि माणूस आला नि गेला."

तेवढ्यात खालून आवाज आला. लोखंडावर बूट आपटल्याचा. एकदा, मग पुन्हा.

दोघंही जागच्या जागी थिजली. कुणीतरी जिन्यावर होतं. वीबकेने वाकून पाहिलं, पण मधेच दाटून आलेल्या धुक्यात आता दुसरी पायरीसुद्धा दिसत नव्हती. नुसता हादरा मात्र हाताखालच्या लोखंडातून जाणवत होता. मग छपरावर धप्प आवाज झाला आणि सगळं शांत झालं. डेटलेफने तिचा कोट मागून घट्ट धरून ठेवला होता.

"सोड आता," ती म्हणाली.

"तू आत ये, मग सोडतो."

खाली एनो दारातच उभा होता. सिगारेट संपलेली. "काय झालं? पांढरे पडलात दोघं," तो म्हणाला. त्याच्या बुटांना चिखल होता. पण तिथे सगळ्यांच्याच बुटांना चिखल असतो.

क्लबाची खोली चर्चच्या मागच्या दालनात होती. भिंतीवर मानाच्या जागी एकच मोठा फोटो. तीच ओसाड खोली, त्याच खाटा, तीच खिडकी. आणि खिडकीच्या मधोमध समुद्रावर टेकलेला लालबुंद सूर्य. खाली पितळी पट्टी: 'संध्याकाळ. फोल्कर्ट हाइनसन.' या फोटोला देशातलं मोठं बक्षीस मिळालं होतं. एक जागा, एक क्षण, जोडलेले फोटो एकाच वेळचे, अशी त्या स्पर्धेची अट होती. येत्या आठवड्यात हाम्बुर्गला हाइनसनांच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि गावाला त्याचा कोण अभिमान.

वीबकेने कारण सोपं सांगितलं होतं. बानेच्या आठवणीसाठी त्याच्या फोटोंचं प्रदर्शन करायचं आहे. तीन खोल्यांचे तीन-तीन फोटो. कुठले जोडायला योग्य ते प्रत्येकाने वेगवेगळं निवडून द्यावं, म्हणजे एकाचं बघून दुसरा बोलणार नाही. डेटलेफ कोपऱ्यात बसून चहा करत होता. कपात खडीसाखरेवर गरम चहा पडला की ती तडकते, तेवढाच आवाज खोलीत होता.

पहिला एनो आला. त्याने तिन्ही संचांतले काळे फोटो काढून बाजूला टाकले. "हे कशाला ठेवलेत? काहीच दिसत नाही. कचरा."

"मास्तरांनी शिकवलं नाही?"

"शिकवलं असेल. मला पिशव्या उचलण्यातून वेळ मिळाला तर ना!"

मग गेशे लोरेन्झन आली. तिचं गावात औषधांचं दुकान. बानेशी वर्षभर तिचं बोलणं नव्हतं, हे मार्रेटने सांगून ठेवलं होतं.

"का नव्हतं?"

"तो म्हणाला, तुझे फोटो गोळ्यांच्या चमकदार वेष्टनांसारखे दिसतात. भरमसाट रंग," गेशे म्हणाली. "खरं होतं म्हणून जास्त लागलं. मी वाट बघत होते, तो येईल, बोलेल. आता बसा बोंबलत." तिने डोळे पुसले आणि फोटोंकडे वळली. नखाने एक एक फोटो सरकवत तिने भरभर निवड केली. "हा व्हरांडा नको. पडदा बघा, प्रत्येक फोटोत वेगळीकडे उडालाय. जोडलात तर पडद्याचं भूत येईल. हे स्वयंपाकघर घ्या. आणि ही खिडकीची खोली तर उत्तमच. तिन्ही स्वच्छ आहेत."

"काळासुद्धा?"

"काळाच तर मुख्य. खिडकी त्याच्यातच असते."

शेवटी फोल्कर्ट हाइनसन आले. निम्मं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं, त्यामुळे सगळे त्यांना मास्तरच म्हणत. उंच, साठीतही ताठ, रोज समुद्रात पोहणारे. त्यांनी मार्रेटच्या डोक्यावरून हात फिरवला, "आज घरी नव्हतीस?" असं हळू विचारलं आणि खुर्चीत बसले.

"निवड हीच खरी विद्या, बाई," ते म्हणाले. "जोडायला यंत्र आहे. योग्य फोटो कुठला ते यंत्राला कळत नाही. हे स्वयंपाकघर बघा. हा काळा फोटो. अडाणी माणूस फेकून देईल. मी पोरांना सांगतो, घरदार जळलं तरी काळा फोटो आधी वाचवा." तो त्यांनी ठेवला. व्हरांड्याचाही काळा ठेवला. पडदा हलतोय खरा, पण काळ्यावरून दुरुस्त करता येईल म्हणाले.

मग तिसरा संच पुढे आला. खिडकीची खोली.

मास्तरांचा हात थांबला. त्यांनी मधला फोटो घेतला, पांढरा घेतला. काळा मात्र उचलला आणि उलटा करून टेबलाच्या कडेला ठेवला.

"हा नको?" वीबकेने विचारलं.

"नको. यात कुणीतरी मध्ये आलंय. जोडला तर भूत येईल." त्यांनी घोटभर चहा घेतला. "दोघांवर भागेल."

वीबकेने मान डोलावली. डेटलेफला त्यात काही वावगं वाटलं नाही. भावजयीने कप खाली ठेवला तेव्हा बशी वाजली, एवढंच त्याच्या लक्षात आलं.

तिने सगळ्यांना एकत्र बोलावलं. खिडक्यांपलीकडे दुपारीच अंधारून आलं होतं. मार्रेट डेटलेफच्या शेजारी, त्याच्या बाहीला धरून बसली होती.

"बाने पडला तेव्हा तिथे दुसरा माणूस होता," वीबके म्हणाली. "बानेच्या कॅमेऱ्याने तो टिपलाय. धोबीघराच्या छपरावरून, बाहेरच्या लोखंडी जिन्याने तो वर आला. म्हणून दार आतून बंदच राहिलं. त्याने पिवळा रेनकोट घातलाय, चेहरा दिसत नाही."

"तसा कोट माझ्याकडेही आहे," एनो घाईघाईने म्हणाला.

"माझ्याकडेही आहे," डेटलेफ म्हणाला.

"सगळ्या किनाऱ्याकडे आहे. म्हणून कोटाचा उपयोग नाही. पण मार्रेटने कॉफीच्या वेळी तुम्हा तिघांना सांगितलं, शेवटच्या फोटोत भूत आलंय. दोन दिवसांत तिच्या दाराची मूठ फिरली. ज्याला त्या भुताची भीती होती त्यालाच कार्ड हवं होतं. मग प्रश्न एकच. भीती कुणाला?"

तिने तिन्ही संच टेबलावर मांडले.

"एनोला काळा फोटो म्हणजे काय तेच ठाऊक नाही. त्याने तिन्ही कचऱ्यात टाकले. खिडकी काळ्यातच असते हे ज्याला कळत नाही, तो त्या फोटोला घाबरणार कसा? शिवाय तळघराची झडप त्याचीच. त्याला धोबीघरावर चढायची गरज नव्हती."

एनोने मोठा सुस्कारा सोडला.

"गेशेला सगळं कळतं. तिने पडदा हललेला संच नाकारला, कारण तो हललेला दिसतो. आणि खिडकीच्या खोलीचे तिन्ही फोटो तिने उत्तम म्हणून घेतले. आता मास्तर. घरदार जळलं तरी काळा फोटो वाचवा म्हणणारे. स्वयंपाकघराचा काळा घेतला. व्हरांड्याचा, जो खरोखर घेऊ नये, तोही घेतला. आणि एकच सोडला."

"त्यात कुणीतरी मध्ये आलं होतं," मास्तर म्हणाले. "मी तेव्हाच सांगितलं."

"सांगितलंत. आता बघा." वीबकेने तो उलटा ठेवलेला फोटो उचलून त्यांच्या हातात दिला. "तेव्हा तुम्ही तो नीट बघितलाच नाहीत. बघायची हिंमत झाली नाही."

मास्तरांनी फोटो दिव्यापाशी धरला. काळी खोली, चौकोनी खिडकी. बाहेर रिकामं आकाश आणि ओहोटीचा चिखल.

"यात कुणीच नाही," गेशे हळूच म्हणाली.

"नाहीच. हा संच मुद्दाम दुसऱ्या दिवसाचा छापून घेतला. शेवटचा फोटो कुठल्या खोलीचा होता हे मार्रेट कुणालाही बोलली नव्हती. तीन खोल्यांपैकी भूत कुठल्या खिडकीत आहे, हे आम्हा तिघांशिवाय ठाऊक असणारा माणूस जगात एकच उरतो. जो स्वतः तिथे उभा होता."

डेटलेफला आता कुठे सगळं कळलं, आणि नकळत तो मार्रेट आणि मास्तरांच्या मध्ये सरकून बसला.

"का, तेही याच भिंतीवर आहे," वीबके म्हणाली. "बाने महिनाभर त्या खिडकीसमोर सकाळ-संध्याकाळ का उभा राहिला? तिच्यात सूर्य येतो का ते बघायला. ती खिडकी उत्तरेची आहे. तिच्या उंबरठ्यावरचं शेवाळ कधी वाळलेलं नाही. मास्तरांनी खोली तिथली घेतली आणि सूर्य भलतीकडचा आणून खिडकीत बसवला. वर कुणी जात नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. बाने गेला आणि त्याला कळलं."

"त्याने मला आधी सांगितलं," मास्तर म्हणाले. आवाज अगदी शाळेतल्यासारखा, सावकाश. "माझ्याकडे आला. म्हणाला, हाम्बुर्गच्या आधी तुम्हीच लोकांना सांगून टाका, मी काही बोलणार नाही. त्याला काय! माझं सगळं आयुष्य त्या एका फोटोवर उभं होतं. मी फक्त समजवायला गेलो होतो. दार बंद, म्हणून बाहेरच्या जिन्याने गेलो. नंतर तो आतल्या जिन्यापाशी आला, ऐकेना, मी त्याचा कोट धरला, आणि तो कठडा... खाली कुणीतरी दार बडवू लागलं. मी पळालो. कॅमेरा तसाच राहिला."

"काल माझ्या दाराशी तुम्हीच होतात?" मार्रेटने विचारलं.

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"आणि आज त्या जिन्यावर?" वीबके म्हणाली.

पुन्हा मान हलली. "तुमची गाडी गावातून जाताना पाहिली."

मार्रेट उठली. डेटलेफने तिला धरायला हात पुढे केला, पण ती त्याला वळसा घालून टेबलापाशी गेली. इतके दिवस ती ज्याला घाबरत होती तो समोर बसला होता, म्हातारा, चहाचा कप धरून.

"तुम्ही खिडकीत दिसलात तेव्हा बाने घाबरला का?"

"नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. "हसला. पहिला फोटो होऊन गेला होता. हात वर केला आणि म्हणाला, मास्तर, जरा हलू नका, एवढे दोन होऊ देत. तुम्हीही येऊ देत चांगले."

बाहेर वीबकेने आधीच बोलावलेल्या पोलिसांची गाडी थांबल्याचा आवाज झाला.

"मग हललात का?" मार्रेटने विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले, "त्याने सांगितलं तसाच उभा राहिलो." पोलीस आत येईपर्यंत ती तिथेच उभी होती.